‘गोरखपूरपर्यंत या, पुढचं आम्ही पाहतो’: परदेशातून मूल दत्तक घेण्याविषयी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. लग्नाला 14 वर्षं झाली. ते 44 वर्षांचे, वहिनी 39 वर्षांच्या. घरची शेती आणि गावातच लहानसं कृषी केंद्र. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काराच्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या, पोर्टलवर दत्तकासाठी नोंदणी केली, होम स्टडी म्हणजे घरी येऊन होणारी पाहणीही झाली, पण अजून रेफरल, म्हणजे मूल सुचवल्याचा निरोप, आलेलं नाही. आता ओळखीतल्या एका माणसाने नेपाळचा रस्ता दाखवलाय. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पलीकडे 8 महिन्यांची मुलगी ‘तयार’. तिचा फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. खर्च 6 लाख, निम्मे आधी. पासपोर्ट लागत नाही, मुलगी हिंदूच आहे म्हणून हिंदू दत्तक कायद्यात बसतं, स्टॅम्प पेपरवर दत्तकपत्र करून देतो, असं त्याचं सांगणं. भाऊंना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: किती दिवस लागतील, कारण कापूस वेचणी सुरू व्हायच्या आत परतायचंय, सोबत कोणती कागदं न्यायची, आणि येताना लेकराला घेऊन सीमेवर काही त्रास होतो का.

भाऊ, आधी उत्तर देते, मग कारणं. या रस्त्याने जाऊ नका आणि निम्मे पैसेही देऊ नका. दिले असतील तर काय करायचं ते पुढे सांगते. मी दत्तक संस्थेत सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्ह्यांतल्या गावांमध्ये होम स्टडीसाठी फिरले आहे. हा प्रश्न दर वेळी नव्या देशाच्या नावाने माझ्यापुढे येतो. नुसतं ‘नाही’ म्हणून सोडलं तर माणूस दुसरा दलाल गाठतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय प्रवासाबद्दल, पण तुम्हाला खरा त्रास होतोय तो वाट पाहण्याचा. दोन वर्षं फोन येत नाही, घरात रोज कुणी ना कुणी विचारतं, शेजारच्या बारशाला जावं की नाही यावरूनही घरात शांतता पसरते. अशा वेळी ‘आठ दिवसांत लेकरू’ हे शब्द कानावर पडले की माणसाला पुढचं काही ऐकू येत नाही. दलालाला हे बरोबर माहीत असतं. म्हणून आधी त्याच्या रस्त्याबद्दल बोलू, मग परदेशातून मूल आणण्याचा कायदेशीर मार्ग कसा आहे ते पाहू, आणि मग तुमच्या थांबण्याबद्दल, कारण तिथे करण्यासारखं बरंच काही आहे.

नेपाळचंच नाव का पुढे येतं? भारतीय माणसाला तिथे जायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. सीमा उघडी आहे, म्हणून दलाल हा मार्ग सोपा म्हणून विकतो. पण तुम्हाला सीमा ओलांडता आली म्हणून तिथलं मूल कायद्याने तुमचं होत नाही. नेपाळमधलं मूल परदेशी माणसाला दत्तक द्यायचं तर तिथल्या सरकारची मंजुरी लागते. ती नसताना मुलीला घेऊन निघालात तर तिथल्या कायद्याच्या नजरेत तुम्ही एक नेपाळी मूल पळवून नेताय. सीमेवर सशस्त्र सीमा बल असतं, मुलांच्या तस्करीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांचे लोकही उभे असतात. यवतमाळचं जोडपं, कडेवर 8 महिन्यांची मुलगी, आणि हातात एक स्टॅम्प पेपर, असं दिसलं की विचारणा होणार. व्हायलाच हवी.

आता ‘हिंदू कायद्यात बसतं’ हे वाक्य. 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात मूल देण्याचा अधिकार आई-वडिलांना आहे. ते नसतील तर पालकाला, आणि पालकाला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मधल्या माणसाला काहीच अधिकार नाही. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दत्तकाच्या बदल्यात पैसे देणं-घेणं गुन्हा आहे, त्याला 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 6 लाखांचा आकडा उच्चारला गेला तिथेच तो कायदा तुमच्या बाजूने उरला नाही. आणि मूल अनाथ किंवा सोडून दिलेलं आहे असं दलाल म्हणत असेल, तर आपल्याकडे असं मूल कारा आणि बाल न्याय कायदा, 2015 यांना वळसा घालून घेता येत नाही. त्या कायद्याच्या कलम 80 प्रमाणे देणारा आणि घेणारा दोघंही दोषी ठरतात: 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूल विकत घेतल्याचं सिद्ध झालं तर कलम 81 आहे, त्यात 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मुलं चोरून विकणाऱ्या टोळीच्या आरोपींचे जामीन रद्द केले. त्यात मूल विकत घेणाराही होता. मूल व्हावं ही इच्छा कितीही खरी असली तरी चोरीचं मूल घेता येत नाही, असं न्यायालयाने त्याला सुनावलं.

तुम्ही म्हणाल, ही मुलगी चोरीची कशावरून? ती नसेलही. मला ते ठाऊक नाही आणि तुम्हालाही ठाऊक नाही, अडचण तीच आहे. 2010 मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधून ‘बेवारस’ म्हणून दिल्या जाणाऱ्या मुलांची दत्तकं थांबवली, कारण त्या मुलांच्या कागदांवर भरवसा ठेवता येत नव्हता. घरी आई-बाप असलेली मुलं शिक्षणाच्या नावाखाली नेऊन अनाथ दाखवली जात होती. आणि हे फक्त बाहेरच्या देशांत घडतं असंही नाही. 1999 ते 2001 च्या सुमारास त्या वेळच्या आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणात, लंबाडा, म्हणजे आपल्याकडच्या बंजारा, तांड्यांवरून गरीब आयांच्या तान्ह्या मुली थोडक्या पैशांत घेऊन दत्तकासाठी परदेशी पाठवल्याची प्रकरणं उघडकीस आली. तुमच्या दिग्रस-पुसद भागात तांडे किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. उद्या तिथल्या एखाद्या बाईच्या लेकराचा फोटो असाच कुणाच्या तरी मोबाइलवर गेला तर तुम्ही काय म्हणाल? फोटो पाठवणं हीच मुळात धोक्याची खूण समजा. दत्तकातल्या मुलाची ओळख उघड करायला आपल्या कायद्यात बंदी आहे. रेफरल आल्यावर मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल त्या पालकांनाच पोर्टलवर दिसतो.

आता समजा, कुणी अडवलं नाही आणि तुम्ही मुलीला घेऊन गावात पोचलात. इथून पुढचा भाग लोक कधी विचारतच नाहीत, आणि खरी अडचण इथेच सुरू होते.

पहिला प्रश्न जन्मदाखल्याचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेत प्रवेशापासून मतदार यादी, वाहन परवाना, लग्नाची नोंद, आधार इथपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालतो. तुमच्या मुलीचा दाखला कुठून येणार? दलाल म्हणेल, ‘घरीच बाळंतपण झालं म्हणून ग्रामपंचायतीत नोंद करून घ्या.’ पण गावात कोण गरोदर आहे हे आशाताईंच्या वहीत असतं, अंगणवाडीत असतं, उपकेंद्रातल्या सिस्टरला तोंडपाठ असतं. वहिनींची गरोदरपणाची नोंद नाही, माता-बाल संरक्षण कार्ड नाही, एकही तपासणी नाही, आणि अचानक 8 महिन्यांची मुलगी. हे खोटं टिकत नाही, आणि ती नोंद स्वतःच एक वेगळा गुन्हा होते.

दुसरा प्रश्न शेतीचा. कायदेशीर दत्तक मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखं वारस ठरतं, बाल न्याय कायद्याच्या कलम 63 मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय. पण नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरने वारसा मिळत नाही. तुमच्या पश्चात मुलीचं नाव सात-बाऱ्यावर चढवायला तलाठ्याकडे अर्ज गेला की चुलतभाऊ हरकत घेणार. आपल्याकडे बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, इथे तर त्यांना आयतं कारण मिळतं. दोन एकर घेताना आपण आधी सात-बारा आणि फेरफार बघतो, मोजणी करून घेतो, मगच इसार देतो. इथे तर तुम्ही एका माणसाचं अख्खं आयुष्य घरी आणताय, आणि इसार आधी, कागद नंतर, असं ठरवलंय.

तिसरा सगळ्यात जड. कुणीतरी 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करतं. बहुतेक वेळा भाऊबंदकीतूनच. मग जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोक येतात, मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेतात, आणि चौकशी होईपर्यंत ती शिशुगृहात राहते. असा फोन जाईपर्यंत ती 3-4 वर्षांची झालेली असते आणि तुम्हालाच आई-बाबा म्हणत असते. अशी लेकरं संस्थेत आलेली मी पाहिली आहेत. जेवत नाहीत, रात्री दचकून उठतात, दार वाजलं की धावतात. त्या मुलीने कोणताही गुन्हा केलेला नसतो आणि सगळ्यात मोठी शिक्षा तीच भोगते. या कामातली दुसरी कुठलीही गोष्ट मला इतकी छळत नाही.

मग परदेशातून मूल आणताच येत नाही का? येतं. काराच्या नियमावलीत भारतीय नागरिकांनी परदेशातलं मूल दत्तक घेण्याची स्वतंत्र तरतूद आहे. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या हेग दत्तक कराराला भारताने 2003 मध्ये मान्यता दिली, त्यामुळे दोन्हीकडचे देश करारात असतील तर दोन्ही सरकारांच्या मध्यवर्ती यंत्रणा एकमेकींशी बोलतात. आपली यंत्रणा म्हणजे कारा. तुम्ही आणि मूल यांच्यामध्ये दलाल नसतो, आणि नेमकी हीच त्या करारामागची कल्पना आहे. नेपाळने 2009 मध्ये करारावर सही केली, पण पुढची मान्यता दिलेली नाही.

क्रम असा असतो. आधी तुमची होम स्टडी. मग त्या देशाकडून मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल काराकडे येतो. ते पाहून कारा कराराच्या कलम 5 आणि 17 प्रमाणे मंजुरी देते. त्यानंतर त्या देशाच्या कायद्याप्रमाणे दत्तकाचा आदेश होतो. करारातला देश असेल तर कलम 23 चं प्रमाणपत्र मिळतं, ते दुसऱ्या करारातल्या देशात मान्य होतं. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात त्याच्या व्हिसासाठी अर्ज करायचा, दूतावासामार्फत गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगी घ्यायची, आणि मगच मुलाला घेऊन विमानात बसायचं. भारतात आल्यावर नागरिकत्वाचा विषय उरतोच. दत्तकाच्या आदेशाने मूल आपोआप भारतीय होत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याखाली नोंदणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

बघा, यात प्रवास कुठे आला ते. तो शेवटाकडे आला. कराराच्या कलम 29 मध्ये तर, नात्यातलं दत्तक किंवा सरकारने घातलेल्या अटी सोडल्या तर, ठरावीक टप्पे पूर्ण होईपर्यंत दत्तक पालक आणि मुलाला सांभाळणारे यांची भेटच होऊ नये असं म्हटलंय. त्यामुळे ‘आधी या, मूल बघा, कागदं मग करू’ असं कुणी म्हटलं की देश कोणताही असो, तिथेच थांबायचं.

किती महिने लागतात, किती दिवस तिथे राहावं लागतं, दोघांनाही जावं लागतं की एकाने चालतं, हे मी सरसकट सांगू शकत नाही. ते त्या देशाच्या कायद्यावर, मुलाच्या वयावर आणि नातं आहे की नाही यावर ठरतं. एवढं सांगू शकते की निरोगी तान्ही मुलं बाहेरच्या देशांत कुणाची तरी वाट पाहत आहेत हा समज चुकीचा आहे. इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. चीनने 2024 मध्ये, जवळचे नातेवाईक आणि सावत्र मुलं सोडून, बंद केलं. ज्या देशांत मुलं जायची त्या नेदरलँडनेही 2021 मध्ये जुन्या गैरप्रकारांच्या चौकशीनंतर ते काही काळ थांबवलं. बहुतेक देश आता आधी स्वतःच्या देशातलं कुटुंब शोधतात, आपणही तेच करतो. 2024-25 मध्ये कारामार्फत झालेल्या 4,515 दत्तकांपैकी 4,155 मुलं भारतातच राहिली.

माझ्या अनुभवात परदेशातलं मूल आणण्याचा मार्ग दोनच प्रकारच्या कुटुंबांना खरोखर लागू पडतो. एक, नोकरीसाठी परदेशात राहणारे भारतीय. दुसरे, नात्यातलं मूल परदेशात पोरकं झालेलं. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं असं झालं. धाकटा भाऊ परदेशात स्थायिक, नागरिकत्वही तिकडचं, नवरा-बायको अपघातात गेले, मागे 6 वर्षांची मुलगी. इथल्या मोठ्या काका-काकूंनी तिला आणायचं ठरवलं.

त्यांना सगळ्यात जास्त वेळ कशात गेला सांगू? स्वतःच्याच कागदांत. लग्नाची नोंदच नव्हती. ती ग्रामसेवकाकडे होते, पण जुन्या लग्नांची बऱ्याच घरांत झालेली नसते. काकूंचं नाव टीसीवर माहेरचं, आधारवर सासरचं आणि बँकेत तिसऱ्याच स्पेलिंगने. परदेशातल्या कोर्टाला ही एकच बाई आहे हे पटवून द्यावं लागतं, त्यासाठी राजपत्रात नाव जाहीर करण्यापासून सुरुवात झाली. मग लग्नाचा दाखला, पोलीस पडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांची आधी राज्याकडून पडताळणी, आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारी मोहोर. मराठी कागदांचं अधिकृत भाषांतर. हे सगळं होईपर्यंत मी त्यांना तिकीट काढू दिलं नाही, आणि ते बरं झालं, कारण तिथली कोर्टाची तारीख पुढे गेली.

ज्यांच्यावर खरोखर असा प्रवास करायची वेळ येईल त्यांच्यासाठी थोडं सांगते. परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. शेतीची कामं असतील तर एकाने आधी परतायची तयारी ठेवा, पण कोणत्या सहीसाठी दोघं लागतात ते आधी लेखी विचारून घ्या. पैसे रोख देऊ नका. बँकेतून, पावती घेऊन. मुलाची लसीकरणाची आणि औषधांची नोंद मूळ प्रत घेऊनच निघा. त्याची रोजची चादर, एखादं खेळणं, ज्या साबणाचा वास ओळखीचा आहे तो साबणसुद्धा सोबत आणा. त्या काकूंनी तिथल्या शेजारणीकडून मुलीच्या आवडीचे दोन पदार्थ शिकून घेतले होते. आमच्याकडचं झणझणीत मुलीला जाईना, तेव्हा त्या दोन पदार्थांवर पहिले आठवडे निघाले.

आणि घरी आल्यावर गाव गोळा करू नका. आपल्याकडे आनंद झाला की मंडप पडतो, बँड येतो, पन्नास बाया गालाला हात लावून जातात. नव्या घरात आलेल्या लेकराला त्या दिवसांत दोन-तीन ओळखीचे चेहरे हवे असतात. कार्यक्रम महिन्या-दोन महिन्यांनी करा. हे परदेशातून आलेल्या मुलाला लागू आहे तेवढंच यवतमाळच्या शिशुगृहातून आलेल्या मुलालाही.

आता तुमच्या थांबण्याबद्दल. देशात नोंदणी केलेले पालक 30 हजारांच्या पुढे आहेत आणि लीगली फ्री, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळी, झालेली मुलं त्या मानाने फार थोडी. लहान, निरोगी बाळासाठी साडेतीन वर्षांच्या आसपास आणि कधी त्याहून जास्त थांबावं लागतं. म्हणजे तुमचा अर्ज कुठे अडकलेला नाही, रांगच तेवढी आहे. बाळ द्यायला आलेल्या आईला विचार बदलायला 60 दिवस दिलेले असतात. सोडून दिलेल्या मुलाच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो: 2 वर्षांखालच्या मुलासाठी 2 महिने, मोठ्यासाठी 4. या थांबण्यातला काही भाग त्या आईचा हक्क आहे, आणि त्यामुळेच पुढे तुमच्या दारात कुणी येऊन ‘माझं लेकरू द्या’ म्हणत नाही.

वय निघून चाललंय ही भीती तुमच्या प्रश्नात मला दिसली. 2 वर्षांखालच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 पर्यंत चालते, आणि वय नोंदणीच्या तारखेचं धरतात. तुमची बेरीज तेव्हा 79 होती. तुम्ही बसता.

आजच्या आज एक गोष्ट तपासा. नोंदणी करताना ई-मेल कुणाचा दिला होता? गावाकडची निम्मी नोंदणी सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात होते आणि तिथला पोरगा स्वतःचाच ई-मेल टाकतो. मोबाइलचं सिम नंतर बदललेलं असतं. रेफरल आल्यावर मूल राखून ठेवायला फक्त 48 तास असतात. निरोप दुकानदाराच्या ई-मेलमध्ये पडून राहिला आणि इकडे नवरा-बायको देवाला नवस करत बसले, असं झालेलं आहे. पासवर्ड स्वतःच्या हाती घ्या, दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून बघा. होम स्टडी अहवाल 3 वर्षं चालतो, तुमचं एक वर्ष उरलंय. मुदत संपण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा संस्थेला नूतनीकरणासाठी सांगा.

दुसरं, दोघांनी बसून वयोगटाचा विचार करा. 4 ते 8 वर्षांच्या मुलासाठी, किंवा भावंडांच्या जोडीसाठी, थांबणं बरंच कमी असतं. पोर्टलवर तातडीने कुटुंब हवं असलेल्या मुलांचा एक वेगळा भाग आहे. बऱ्याच रेफरलनंतरही ज्यांना घर मिळालं नाही अशी ती मुलं, आणि त्यांच्यासाठी तुमचा रांगेतला क्रमांक पाहत नाहीत. ‘विशेष गरजा असलेली मुलं’ हे शब्द वाचून लोक घाबरतात. त्यात गंभीर आजारही येतात, पण फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, असं शस्त्रक्रियेने बरं होणारंही येतं. वैद्यकीय अहवाल घेऊन आपल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जा, मग ठरवा. जमणार नाही असं वाटलं तर तसं मोकळेपणाने म्हणा. जे पेलणार नाही ते भावनेच्या भरात स्वीकारलं तर मुलाचीच फरपट होते. मोठं मूल घेतल्यावर पहिलं वर्ष कठीण जातं हेही सांगून ठेवते. पण त्या वर्षात संस्थेचे लोक तुमच्यासोबत असतात, 2 वर्षं दर 6 महिन्यांनी घरी येतात. 2022 पासून दत्तकाचा आदेशही जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे कोर्टाच्या तारखांमध्ये जाणारा वेळ वाचला आहे.

एक गोष्ट खटकली ती बोलते, राग मानू नका. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात वहिनींचं मत कुठेच नाही. होम स्टडीला गेल्यावर मी नेहमी थोडा वेळ बाईसोबत स्वयंपाकघरात बसते. बाहेर ओसरीवर सगळे ‘आमचं ठरलंय’ म्हणत असतात, आणि आत ती हळूच सांगते की तिला मोठी मुलगी चालेल, किंवा तिला अजून वर्षभर थांबायचंय, किंवा तिला सासूच्या बोलण्यातून सुटायला म्हणून हे सगळं हवंय. वयोगटाचा निर्णय आधी त्यांना विचारून मग घ्या.

आता त्या माणसाचं काय करायचं. त्याचे मेसेज, मुलीचा फोटो, आवाजी निरोप, पैशांचा आकडा, काहीही पुसू नका आणि पुढेही पाठवू नका. यवतमाळच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन दाखवा, किंवा 1098 वर फोन करा. पैसे दिले असतील तर तेही लपवू नका, पोलिसांत तक्रार द्या. तुम्ही स्वतः पुढे आलात आणि मूल घेतलेलं नाही, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. त्या मुलीची आई नेपाळमध्ये कुठेतरी तिला शोधत असू शकते, आणि तुमच्या मोबाइलमधला तो फोटो हाच कदाचित पोलिसांच्या हाती लागणारा पहिला धागा असेल.

नोंदणी क्रमांक किंवा वहिनींचं नाव इथे उघड लिहू नका. ई-मेल कुणाचा निघाला आणि होम स्टडी कोणत्या महिन्यात झाली एवढं कळवा, नूतनीकरणाचा अर्ज कसा करायचा ते पुढच्या उत्तरात सांगते.